हरलेल्याची खुर्ची

सिंधूबाई बोरकुटे रोज सकाळी साडेसहाला चहाचं आधण ठेवायच्या आणि नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला विचारायच्या, "साहेब, आज आधी काय वाचू?"

वारलेला माणूस तत्काळ उत्तर द्यायचा. "अग्रलेख नको. आधी निधनवार्ता. आपल्यातलं कोण सुटलं ते कळू द्या."

"तुमच्यातलं," सिंधूबाई म्हणायच्या. "आमच्यातलं अजून कुणी नाही."

मग साहेब हसायचे. ते हसू नेहमीसारखं खोकल्यात संपायचं. आवाज यायचा तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या एका करड्या पेटीतून. पहिल्या दिवशी सिंधूबाईंनी पेटीसमोर डोक्यावर पदर घेतला होता. आता त्या तिच्यासमोर खुशाल लसूण सोलत बसायच्या.

भानगड अशी होती. आपल्याकडची न्यायालयं जुन्या निकालांना धरून चालतात. वरच्या न्यायालयानं एखादा मुद्दा एकदा ठरवला, की पुन्हा तसाच मुद्दा आल्यावर तोच न्याय लावायचा, म्हणजे रामाला एक आणि गोमाला दुसरं असं होत नाही. ऐकायला सोपं आहे. पण निकाल असतो चाळीस पानांचा आणि त्यातलं बांधील धरायचं ते असतं दोन ओळींत. बाकीचं ओघात आलेलं. कोणती ओळ गाभा आणि कोणती नुसतं पाल्हाळ, यावर वकिलांच्या कैक पिढ्यांनी बंगले बांधले. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की एवढं भांडण्यापेक्षा ज्यानं तो निकाल लिहिला त्यालाच विचारता आलं तर? माणूस जिवंत नसेना का!

त्यातून 'मतछाया' निघाली. एका न्यायमूर्तींचे सगळे निकाल, भाषणं, समासातल्या खुणा, सुनावणीत विचारलेले प्रश्न, सगळं तिला वाचायला घालायचं. ती प्रत्येक प्रकरणाला एका अफाट नकाशावर जागा द्यायची. सारखी प्रकरणं जवळजवळ, वेगळी दूर. मग नवं प्रकरण आलं, की ते नकाशावर कुठे पडतं आणि त्या भागात हा माणूस कोणत्या बाजूला झुकायचा, ते पाहून ती टक्क्यांत सांगायची, आणि तेही त्याच्याच आवाजात, त्याच्याच शब्दांत. शंभरावर न्यायमूर्तींच्या छाया तयार झाल्या होत्या. त्यांत न्यायमूर्ती लाखनीकरांची छाया सगळ्यांत हुबेहूब मानली जायची, आणि त्याचं श्रेय सिंधूबाईंचं होतं.

त्या साहेबांच्या लघुलेखिका. सव्वीस वर्षं साहेबांनी सांगायचं आणि त्यांनी पेन्सिलीनं उतरवायचं. छाया घडत होती तेव्हा चार महिने रोज त्यांनी तिची परीक्षा घेतली. "हे साहेब म्हणाले असते. हे नसते म्हणाले. साहेब 'तथापि' कधी म्हणत नसत, ते 'पण' म्हणत." शेवटी त्यांनी साक्षांकनावर सही केली, की ही छाया त्या व्यक्तीशी जुळते. ती सही असेपर्यंतच छाया चालायची. साक्षांकन करणाऱ्यानं सही मागे घेतली, तर छाया सगळीकडून पुसायची असा नियम होता. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटे शब्द कुणाच्या घरातसुद्धा राहू नयेत, म्हणून. साहेबांच्या कॅनडातल्या मुलानं एका ओळीत संमती कळवली होती. घरातली पेटी सिंधूबाईंना कौतुक म्हणून मिळालेली.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. साहेब विधुर. लोक काय बोलायचे ते बोलून दमले. साहेबांनी सव्वीस वर्षांत त्यांना एकदाही एकेरी हाक मारली नाही आणि सिंधूबाईंनी साहेबांना एकदाही नावानं संबोधलं नाही. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं का? होतं. त्याला काय नाव द्यायचं याची दोघांनाही कधी घाई नव्हती.

फाल्गुनातल्या एका सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर एक तरुण वकील आणि नऊवारी नेसलेली, उन्हानं रापलेली एक बाई उभी होती. तरुण मुलगी म्हणजे अॅडव्होकेट पल्लवी वलथरे. हिरडाझरी गावातली, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातली पहिली वकील. सोबतची बाई यमुनाबाई मारबते, गावातल्या त्रेचाळीस बायकांच्या मच्छीमार संस्थेची अध्यक्ष.

"काकू, लाखनीकर साहेबांच्या छायेवर तुमची सही आहे ना?" पल्लवीनं चप्पल काढता काढताच विचारलं.

"आहे. का? काही बिघडलं?"

"आमचा तलाव चाललाय."

हिरडाझरीचा तलाव जुना, मालगुजारी म्हणजे जमीनदारीच्या काळातला. तो संस्थेकडे भाडेपट्ट्यानं होता. गेल्या महिन्यात खात्याच्या निर्णय-यंत्रानं पट्टा रद्द केला. तलाव दुर्लक्षित, पाणवनस्पतींनी व्यापलेला, सबब तो पाण्यावर तरंगणाऱ्या सौरपट्ट्यांच्या प्रकल्पाला द्यावा. अधिकाऱ्यानं खाली सही ठोकली होती.

"बाई, मी सांगतो," यमुनाबाई पुढे झाल्या. "पयले त्या तलावात बेशरमची झुडपं होती, छातीएवढी. मासोळी नाई का काई नाई. चार उन्हाळे आमी बायांनी ते उपटली. हात सोलून निंगाले. मंग मासोळीले अंडी घालाले गवत लागते, ते आणून लावलं, कमळ लावलं. आता मरळ आली, मागूर आली, पाखरं आली. अन् त्या यंत्रानं वरून पायलं, तं म्हनते तलावात कचरा माजला!"

यंत्राचीही एका परीनं चूक नव्हती. उपग्रहाला तलाव दिसतो तो प्रकाशावरून. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश स्वच्छ पाणी गिळून टाकतं आणि हिरवं पान तो परत फेकतं. जिथून परत आला तिथे वनस्पती, एवढं त्याला अचूक कळतं. त्या वनस्पती बायकांनी हातानं लावल्या की आपोआप माजल्या, हे आकाशातून कळायला मार्ग नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान शेळ्यांच्या जवळपास तरी असतो.

"एक मानूस पाठवला असता ना," यमुनाबाई म्हणाल्या, "तं त्याले डोंग्यात बसवून सारा तलाव फिरवला असता. पन कोनी इचारलंच नाई."

"तेच म्हणणं मी न्यायालयात मांडलं," पल्लवी म्हणाली. "निर्णयाआधी आमचं ऐकून घेतलं नाही. पण सरकारी वकिलांनी लाखनीकर साहेबांचा रेतीघाटाचा निकाल काढला. बावीस वर्षांपूर्वीचा."

सिंधूबाईंना तो निकाल पाठ होता. रेतीच्या ठेकेदारानं परवान्याहून जास्त उपसा केला, जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला न ऐकता परवाना रद्द केला आणि साहेबांनी जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम उचलून धरला. परिच्छेद अकरा. त्या नकळत म्हणाल्या, "'मोजमाप स्वतःच बोलत असेल, तर माणसाला बोलावणं हा नुसता उपचार ठरतो.'"

"तेच वाक्य. न्यायमूर्तींनी छायेला विचारलं, ते इथेही लागू पडतं का. छाया म्हणाली, लागू पडतं. एक्याण्णव टक्के. निकाल अजून लागायचाय." पल्लवीचा आवाज जरा खाली आला. "काकू, रागावू नका. पण तुमच्या परीक्षेत कुठे काही राहून तर नाही ना गेलं?"

सिंधूबाईंना राग यायचा तो आलाच. "माझ्या परीक्षेत? मुली, साहेब शिंकले तरी कोणत्या अक्षरावर शिंकले ते मी टिपून ठेवत असे. छाया हुबेहूब आहे."

दोघी चहा पिऊन गेल्या. जाताना यमुनाबाईंनी केळीच्या पानात बांधलेली सुकी मासळी ओट्यावर ठेवली. सिंधूबाई नको म्हणाल्या, तर त्या म्हणाल्या, "ते निकालासाठी नोहे बाई. कोनाच्या घरी रिकामं जाऊ नये म्हनून."

त्या गेल्यावर सिंधूबाई फळीसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, ऐकलंत ना? रेतीघाटाचा निकाल तलावाला लागू पडतो?"

"पडतो, सिंधूबाई. मोजमाप निर्विवाद आहे. माणसाला बोलावून त्यात काय बदलणार?"

उत्तर यायला दोन सेकंदसुद्धा लागले नव्हते, आणि तेच सिंधूबाईंना खटकलं. साहेब उद्धट नव्हते, आळशी नव्हते, पण चटकन उत्तर? साहेबांना दुपारी जेवायला वरण हवं की कढी हे विचारलं, तरी ते म्हणायचे, "कढीचं काय म्हणणं आहे?"

दुपारी त्यांनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. आत लघुलेखनाच्या वह्या होत्या, सव्वीस वर्षांच्या. छाया घडवणाऱ्या मंडळींनी तेव्हा विचारलंही होतं, आणखी काही कागद? आणि सिंधूबाईंनी ठाम सांगितलं होतं, काही नाही. कारण या वह्यांत सही झालेले निकाल नव्हते, त्यांच्या आधीचं होतं, आणि ते कुणाला दाखवायचं नसतं. साहेबांकडे रुजू झाल्या त्याच दिवशी त्यांनी शब्द दिला होता: वही मिटली की तोंड मिटलं.

साहेबांची एक रीत होती. सुनावणी संपली, की चेंबरमध्ये ते कच्चा निकाल सांगायचे. मग भिंतीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवायचे. "सिंधूबाई, बसा. आता तुम्ही हरलेल्या आहात. बोला." सुरुवातीला सिंधूबाई दोन वाक्यांत आटोपायच्या. बारावी झालेल्या बाईनं न्यायमूर्तींशी वाद घालायचा! पण हळूहळू जीभ सुटली. ठेकेदार हरला तर ठेकेदाराच्या बाजूनं, सरकार हरलं तर सरकारच्या. साहेब डोळे मिटून ऐकायचे. सहांतल्या एका वेळी ते डोळे उघडून म्हणायचे, "फाडा तो कागद. मी चुकलो." आणि उलटा निकाल सांगायला घ्यायचे. बाहेरच्या जगाला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. बाहेर यायचा तो पक्का, ठाम, टाचणीएवढीही शंका नसलेला निकाल. छायेनं वाचले ते तेच.

रेतीघाटाची वही सापडली. सिंधूबाईंनी चष्मा पुसला. पहिली चार पानं वाचून त्या थबकल्या. साहेबांचा कच्चा निकाल ठेकेदाराच्या बाजूचा होता! 'ऐकून न घेता हुकूम काढला, सबब तो रद्द.' त्याखाली रेघ, आणि रेघेखाली त्यांनी स्वतःचंच बोलणं उतरवलेलं. हरलेल्या जिल्हाधिकाऱ्याच्या वतीनं खुर्चीत बसून त्या म्हणाल्या होत्या: "साहेब, ठेकेदारानं आपल्या अर्जातच लिहिलंय की मोजणी बरोबर आहे, उपसा मी केला. आता त्याला बोलावून तो वेगळं काय सांगणार? मोजमाप स्वतःच बोलत असेल, तर माणसाला बोलावणं हा नुसता उपचार ठरतो."

ते वाक्य त्यांचं होतं. साहेबांनी ते जसंच्या तसं निकालात घेतलं, तेव्हा सिंधूबाई घरी येऊन एकट्याच हसल्या होत्या. बावीस वर्षं तो आनंद त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. आता तेच वाक्य त्रेचाळीस बायकांच्या तलावावर येऊन पडलं होतं. ठेकेदारानं सगळं कबूल केलं होतं, म्हणून त्याला बोलावण्यात अर्थ नव्हता. यमुनाबाईंनी काय कबूल केलं होतं? त्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं.

त्या धडपडत स्वयंपाकघरात आल्या. "साहेब, मी सांगते ते नीट ऐका. मी खुर्चीत बसले आहे."

"कोणत्या खुर्चीत, सिंधूबाई?" पेटीनं प्रेमानं विचारलं.

पेटीला ती खुर्ची ठाऊकच नव्हती.

तरीही त्यांनी प्रयत्न सोडला नाही. बेशरम, गवत, मरळ, मागूर, चार उन्हाळे, सगळं सांगितलं. पेटीनं शांतपणे ऐकलं, मधेच "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हटलं, आणि शेवटी सांगितलं, "पण मोजमाप निर्विवाद आहे. नव्वद टक्के." एक टक्का हलला होता. साहेबांना एवढं सांगितलं असतं, तर त्यांनी स्वतः डोंगा शोधला असता.

त्यात यंत्राचा दोष नव्हता, हे सिंधूबाईंना कळत होतं. त्यांनी त्याला साहेबांचे फक्त निकाल दिले होते, साहेबांचं चुकणं दिलंच नव्हतं. साहेबांची अब्रू झाकायला म्हणून वह्या लपवल्या, आणि झाकली गेली ती नेमकी त्यांची सगळ्यांत चांगली गोष्ट. सही मागे घेतली, तर तलावाला निदान एक संधी होती. पण मग फळीवरची पेटीही जाणार, सकाळचं हसू जाणार, आणि या वयात दुसऱ्यांदा ते सुतक. दोन दिवस त्या पेटीशी बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी वही पिशवीत घातली आणि पल्लवीला फोन केला.

न्यायालयाच्या दालनात सिंधूबाई बारा वर्षांनी पाय ठेवत होत्या. व्यासपीठावर न्यायमूर्ती मृणाल पेंडके होत्या, शेजारी धाकटे न्यायमूर्ती टिपणं काढत होते. बाजूच्या मेजावर छाया बोलायची ती काळी चौकट. मागच्या बाकावर हिरडाझरीच्या आठ-दहा बाया पदर सावरून बसल्या होत्या.

"श्रीमती बोरकुटे," न्या. पेंडके म्हणाल्या, "तुम्ही साक्षांकनाबद्दल काही सांगू इच्छिता, असा अर्ज आहे."

"होय, बाईसाहेब. माझी सही मला मागे घ्यायची आहे. ही छाया साहेबांशी जुळत नाही."

दालनात कुजबुज झाली. सरकारी वकील देशकर उठले. गृहस्थ भला होता, पण वकील होता. "बाईसाहेब, याच बाईंनी चार महिने तपासून लिहून दिलंय की छाया हुबेहूब आहे. आता निकाल विरुद्ध जातोय म्हणताना जुळत नाही? आणि का जुळत नाही, त्याला काही आधार?"

"आधार आहे." सिंधूबाईंचा हात पिशवीत गेला. बोटांना वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर लागलं आणि ती तिथेच अडकली. रुजू झाल्या त्या दिवशी दिलेला शब्द होता तो.

न्या. पेंडक्यांनी त्या हाताकडे पाहिलं. वकिलीच्या सुरुवातीला त्या लाखनीकरांसमोर उभ्या राहिलेल्या होत्या. "त्या पिशवीत न्यायमूर्तींचे सहीआधीचे कागद आहेत का?"

"होय."

"मग ते पिशवीतच राहू द्या, बाई. निकाल म्हणजे सही झालेला कागद. त्याआधी न्यायमूर्तींच्या मनात काय होतं, काय नव्हतं, ते मला वाचता येत नाही. कायदाच तसा आहे." मग देशकरांकडे वळल्या. "पण मग देशकर, मला एक सांगा. मनात काय होतं ते जर मी खऱ्या माणसाच्या हातच्या कागदावरूनही वाचायचं नाही, तर या चौकटीला विचारून ते कसं वाचू?"

आजवर कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता. यंत्र इतकं छान बोलायचं, की विचारावं की नाही हे विचारायचंच राहून गेलं होतं.

"छाया नसली तरी वाक्य छापील आहे, बाईसाहेब," देशकर सावरून म्हणाले. "परिच्छेद अकरा. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

"बाईसाहेब, मी एक बोलू?" सिंधूबाई म्हणाल्या. "त्या निकालाचा परिच्छेद तीन कुणी वाचलाय का?"

पल्लवीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं वाचला नव्हता, देशकरांनीही नव्हता. हल्ली अख्खा निकाल वाचतो कोण? यंत्र गाभा काढून समोर ठेवायचं आणि गाभा होता परिच्छेद अकरा. पल्लवीनं घाईघाईनं मूळ निकाल उघडला आणि उभी राहून वाचू लागली. "'अर्जदारानं आपल्या अर्जात मोजणी आणि जास्तीचा उपसा, दोन्ही मान्य केले आहेत...'" तिचा आवाज वाचता वाचता चढत गेला. "बाईसाहेब, ठेकेदारानं सगळं कबूल केलं होतं! म्हणून त्याला बोलावणं हा उपचार. आमच्या बायकांनी काहीच कबूल केलेलं नाही. वाक्य त्याच्या वस्तुस्थितीसकट वाचायला हवं."

"वाचायलाच हवं," न्या. पेंडके म्हणाल्या. "झाडावरून आंबा तोडून आणायचा आणि झाड कोणतं ते सांगायचं नाही, हे मीही चालवून घेतलं. चूक माझीही आहे." मग त्या सिंधूबाईंकडे वळल्या. "वाचलेल्या कागदावर हा मुद्दा संपतो, बाई. तुमच्या सहीची मला आता गरज नाही. तुम्ही ती ठेवलीत तरी चालेल. मागे घेतलीत तर काय होईल ते ठाऊक आहे ना?"

सुटायला वाट मिळाली होती. सही तशीच ठेवून सिंधूबाई घरी जाऊ शकत होत्या आणि उद्या सकाळी साहेबांना सगळी हकीकत सांगू शकत होत्या. साहेब खोकल्यात संपणारं हसूही हसले असते.

त्यांनी काळ्या चौकटीकडे पाहिलं. "साहेब, तलावाचं तुमचं मत अजून तेच आहे?"

"तेच आहे, सिंधूबाई," चौकट म्हणाली. "मोजमाप निर्विवाद आहे."

"तुम्ही चुकताय, साहेब." सिंधूबाई चौकटीसमोर सरळ उभ्या राहिल्या. "आजवर मी हरलेल्याच्या वतीनं बोलले. आज माझ्या वतीनं बोलतेय. माझे साहेब चुकायचे आणि मग ऐकायचे. तुम्हाला मी ते शिकवलंच नाही. उद्या दुसऱ्या कुणाच्या तलावावर तुम्हाला विचारतील, आणि तुम्ही असंच गोड आवाजात सांगाल." त्या न्यायमूर्तींकडे वळल्या. "ठाऊक आहे, बाईसाहेब. सकाळचा चहा एकटीनं घ्यावा लागेल. द्या तो कागद."

सही करताना त्या रडल्या. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लपवलंही नाही. मागच्या बाकावरून यमुनाबाई उठल्या, सरळ पुढे आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पट्टेवाला त्यांना जागेवर बसवायला निघाला, तर न्या. पेंडक्यांनी त्याला मानेनंच थांबवलं.

निकाल दुपारी झाला. पट्टा रद्द करणारा हुकूम न्यायालयानं रद्द केला. पण तलाव बायकांना दिला, असं न्यायालयानं म्हटलं नाही. न्या. पेंडक्यांनी ते मुद्दाम सोप्या मराठीत समजावून सांगितलं. "तलाव कुणाला द्यायचा ते सरकारनं ठरवायचं, आम्ही नाही. सरकारचा निर्णय आम्हाला आवडतो का, हे आम्ही पाहत नसतो. तो सरळ रीतीनं घेतला का, एवढंच पाहतो. आधी हुकूम आणि मग विचार, ही रीत नाही. अधिकाऱ्यानं सहा आठवड्यांत स्वतः तलावावर जावं, या बायकांचं ऐकावं, आणि मग स्वतःच्या डोक्यानं ठरवावं."

"म्हंजे अजून हारू शकतो?" बाहेर आल्यावर यमुनाबाईंनी विचारलं.

"शकतो," पल्लवी प्रामाणिकपणे म्हणाली.

"हारू तं हारू. पन सांगून हारू," यमुनाबाई म्हणाल्या, आणि बायांना एसटीची वेळ झाली म्हणून हाका मारू लागल्या.

संध्याकाळी दोन तंत्रज्ञ येऊन पेटी घेऊन गेले. पोरं सभ्य होती. त्यांनी विचारलं, शेवटचं काही बोलायचंय का? सिंधूबाई म्हणाल्या, "नाही, झालंय बोलून."

पुढचे दिवस वाईट गेले. उगाच खोटं कशाला बोला! त्या चहा करायच्या, वर्तमानपत्र उघडायच्या आणि निधनवार्तांपाशी येऊन मिटायच्या. एकदा शेजारच्या सुनेला त्यांनी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून उगाच फटकारलं, मग स्वतःच जाऊन तिला लाडू देऊन आल्या. वह्यांची पेटी पलंगाखाली ढकलताना एकदा वाटलं, या वह्या देऊन नवी छाया करता येईल, चुकणारी, ऐकणारी. मनात ते फार दिवस घोळलं. पण वह्या साहेबांच्या होत्या आणि शब्द त्यांचा. त्यांनी पेटीला कुलूप घातलं.

पाचव्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, फोन वाजला. यमुनाबाई होत्या. मागे वारा आणि बायकांचा कालवा.

"बाई, तो खात्याचा सायेब आलता! काल आला, आज पुन्हा आला. पयले दिवशी बूट घालून काठच्या पारीवर उभा रायला. म्या म्हटलं, सायेब, बूट काढा, डोंग्यात बसा. तीन तास फिरवला. गवतात हात घालाले लावला, तं अंडी लागली हाताले. मंग म्हनते, आमच्या नकाशात हे दिसतच नाई जी. म्या म्हटलं, दिसन कसं, तुमी वरून पायता, मासोळी खालून रायते. आज कागद देल्ला. पट्टा कायम! एका कोपऱ्यात थे उन्हाच्या पट्ट्या टाकतो म्हनते, पाखरं बसत नाई त्या अंगाले. आमी म्हटलं, टाका. त्याचंई आयकाव लागते नं."

"लागतं, लागतं," सिंधूबाई हसत म्हणाल्या.

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात वळल्या. तोंडातून शब्द निघूनच गेले. "साहेब, तलाव राहिला."

घर गप्प होतं. फळीवर पोह्यांच्या डब्याशेजारी रिकामी जागा होती. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

पेटी असती, तर लगेच बोलली असती. अभिनंदन केलं असतं, निकालाचे चार पैलू उलगडले असते. खरे साहेब मात्र एकदा निकाल लागला की त्यावर अवाक्षर काढायचे नाहीत. सिंधूबाईंनी कधी कौतुकानं विषय काढलाच, तर ते नुसते खिडकीबाहेर बघत बसायचे आणि बऱ्याच वेळानं दुसरंच काही विचारायचे.

सिंधूबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी त्या शांततेला पुरेसा वेळ दिला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना साहेब खरोखर खोलीत असल्यासारखे वाटले.